एक पॉइंट चार

नॉर्थ डकोटा, जानेवारी. गॅरेजात हीटर धापा टाकतोय.
ऑर्विल ट्वेट हात वर करून उभा.
नियमच तसा: मनगटं खांद्यांच्या वर,
शरण आल्यासारखी.

बीप.
एक पॉइंट चार.

पुन्हा. पिस्तूल रिकामं,
भिंतीवर कागदाच्या पाच चकत्या;
पोलादी थाळ्या तिकडे मैदानात, बर्फाखाली.
एक पॉइंट तीन. परत चार.
खांदा उगाच आधी उचलतो,
डावा हात छातीशी पोचतो तो उशिरा,
लग्नाला आलेल्या मामासारखा.

मग फळीवरून खिळ्यांची बरणी सुटली
आणि जमिनीला लागायच्या आत
त्याच्या तळहातात होती.
बीप काही वाजली नव्हती.

बराच वेळ तो हाताकडे बघत राहिला.
बरणी परत फळीवर ठेवली,
जरा कडेलाच.

हात वर.