ऑगस्टचं पान

मर्लीना विटेक दिवसा
टोलेडोतल्या एका लॉन्ड्रीत पगारपत्रकं करते.
सत्तेचाळीस माणसं. कुणाची सहा मिनिटं कापली गेली
तर ती भांडून परत मिळवून देते.

रविवारी ती मैदानाच्या कडेला,
उणे अकरात, उघड्या पोटाने.
बूट तिचे. पॉमपॉम क्लबचे,
हरवले तर चाळीस डॉलर.
केसांचा रंग त्यांनी ठरवलेला, बिल तिच्या नावावर.
हसण्याचं बिल
अजून कुणी केलेलं नाही.

पोटाला चिमटा काढणं ही इथे म्हण नाही.
दर मंगळवारी मिसेस हॅलरन तो दोन बोटांनी काढतात
आणि वहीत आकडा लिहितात.
आकडा वाढला की सामना घरी बसून बघायचा.

बीव्हरच्या पोशाखातल्या ड्वेनला पगार आहे,
विमा आहे, दर वीस मिनिटांनी विश्रांती.
माणूस चांगला आहे. शेपटीआडून
तो तिला आपले हातमोजे देतो,
कॅमेरा वळेपर्यंत.

गाडीच्या डिकीत एकतीस कॅलेंडरं उरलीत.
साठ घ्यावीच लागतात, रोख.
तिचं पान ऑगस्टचं: बिकिनी, निळं सरोवर.
फोटो मार्चमधला.
पाण्यावर बर्फ तरंगत होता, तो नंतर पुसला.
तिच्या दंडावरचा काटाही पुसला.

नाताळनंतरच्या एका रात्री
ती एक कॅलेंडर फाडून उघडते
आणि येत्या ऑगस्टच्या चौकोनांत
गेल्या ऑगस्टचे तास भरू लागते.
वार चुकतात. तास चुकत नाहीत.
सराव, गोल्फ क्लबातली ती संध्याकाळ,
टायरच्या दुकानाचं उद्घाटन,
आणि पंच्याहत्तर डॉलरचा एकुलता एक सामना.
चौसष्ट तास.
तासाला एक डॉलर सतरा सेंट.
ती पुन्हा बेरीज करते,
कारण लॉन्ड्रीत असं काही निघालं
तर चूक तिचीच असते.

मंगळवारी, चिमट्याच्या आधी,
पार्किंगमध्ये ती डिकी उघडते.
सव्वीस जणी. प्रत्येकीच्या हातात एक.
"माझ्याकडची तर अजून संपली नाहीत," ओपल कुरकुरते.
"विकत नाहीये मी," मर्लीना म्हणते,
"ऑगस्ट काढा."

पेन एकच, आणि थंडीने उमटत नाही.
ओपल ते घेते,
काखेत धरून उभी राहते.