निरीक्षकांचा बाक

माझं काम तसं साधं.
जाड पांढऱ्या कागदावर देशांची नावं छापायची,
मधोमध घडी घालून टेबलावर उभी करायची,
आणि बस सुटायच्या आधी डोकी मोजायची.
एकवीस पाट्या, एकवीस डोकी.

वॉशिंग्टनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी नसलेल्या खोलीत प्राध्यापक हॅलोरन
फळ्यावर तीन चौकोन काढतात,
चौकोनांतून बाण, बाणांना उलटे बाण,
म्हणतात, कुणी कुणाच्या डोक्यावर बसू नये
म्हणून ही सगळी खटपट.
मंगोलियाच्या ओत्गोनबायर बाई मागून विचारतात,
आणि बसलंच कुणी तर?
प्राध्यापक चष्मा पुसतात. चष्मा स्वच्छच असतो.

दुसऱ्या आठवड्यात खोटी खोटी समिती भरते.
राजदूतांचे सचिव घटकाभर सिनेटर होतात,
कुणी दुधाच्या अनुदानाच्या बाजूने, कुणी विरुद्ध,
एक गृहस्थ तर चाळीस मिनिटं थांबतच नाहीत.
ह्याला इथे भारदस्त शब्द आहे.
मला सुचलं ते 'गुऱ्हाळ',
आणि पिळून निघालेलं चिपाड पुन्हा चरकात सारणारा
कोपरगावचा मामा आठवून
मी फोटो काढायचाच विसरले.

त्याच बुधवारी सतरा नंबरच्या खुर्चीचं सरकार पडलं.
पडलं म्हणजे निवडणुकीत नव्हे.
रात्रभर रेडिओवर बँड, आणि पहाटे एक अनोळखी आवाज.
त्यांच्या वकिलातीत फोन कुणीतरी उचलत होतं,
बोलत मात्र नव्हतं.
मी वरिष्ठांना विचारलं, पाटी ठेवू की काढू?
अजून सूचना नाही, ते म्हणाले.
म्हणून पाटी राहिली, पाटीमागे ते राहिले,
पेन्सिलीने टिपणं काढत,
सगळ्यांपेक्षा बारीक अक्षरात.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी व्हरमाँटमधलं एक गाव.
शाळेच्या व्यायामशाळेत ग्रामसभा,
बास्केटबॉलच्या जाळीखाली लोखंडी खुर्च्या,
बुटांतून सुटून फरशीवर वितळणारा बर्फ,
विणकाम, भोपळ्याचं सूप, कुणाचं तरी रडकं तान्हं.
चावडीच म्हणायची, फक्त छप्पर फार उंच.
आम्हाला भिंतीकडेचा बाक, वर चिकटवलेला कागद:
निरीक्षक. मताधिकार नाही.

विषय सातवा. बर्फ सारायचा ट्रक. जुना सोळा वर्षांचा.
विल्मा प्रूट नावाच्या बाई उठल्या.
मोरी तुंबते, म्हणाल्या, ट्रक मागे घेताना घसरतो,
माझी टपालपेटी तिसऱ्यांदा आडवी झाली,
आणि तिसऱ्यांदा मीच ती उभी केली.
तीन मिनिटांची घंटा वाजली.
माझं संपलं नाही.
मग संपवा, सभा चालवणारा म्हणाला,
आणि घंटा टेबलावर पालथी घातली.

हात वर करा.
हातमोज्यांतले, पिठातले, ग्रीसने काळे झालेले हात,
आणि आमच्या बाकावरून एक.
सतरा नंबर.
मोजणाऱ्याची पेन्सिल रांगेरांगेने सरकत
आमच्यापर्यंत आली, जराशी थांबली.
त्याने तो मोजला नाही.
खाली घ्या, असंही म्हणाला नाही.
एकशे बारा विरुद्ध चाळीस.
बाकीचे हात मफलरीत शिरले तरी
तो तसाच वर, कुणाची तरी बस थांबवत असल्यासारखा.

परतताना मी डोकी मोजली. एकवीस.
कुणी काही बोललं नाही.
ओत्गोनबायर बाईंनी त्यांना अर्धं सफरचंद दिलं.

जूनमध्ये पोस्टकार्ड आलं.
तिकीट तिसऱ्याच कुठल्या देशाचं, अक्षर बारीक, ओळ एक:
ट्रक आला का?

मी गावच्या कारकुनाला फोन लावला.
ऑक्टोबरपर्यंत येईल म्हणतात, तो म्हणाला,
पण विचारतंय कोण?

खण उघडून मी घडीची पाटी उभी केली
आणि तिच्यावरचं नाव
सावकाश वाचून दाखवलं.