हातखर्च

चक्कीच्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर
यायनं दोन रकाने आखले :
बोटीवर. बोटीखाली.

तिकिटं पोरीनं काढली, जेवन त्यातच हाय,
मंग हातखर्च काहाचा?
पान्याचा, म्हनते हे. बाटली इकत घ्या लागते.
चहूकडं समुद्र, अन् पानी इकत!

वेटरले बक्षीस : म्या शंभर सांगतले.
यायनं पन्नास लेयले.
म्या पेन घेतला, शंभर केले.
तेबी कोनाचं तरी पोरगंच, घरापासून लांब.

उलटीच्या गोया. नातीले शंख.
फोटोवाला दोनशे मांगते म्हने, तं फोटो नाही,
आपल्या मोबाइलात काढू.
चपला मातर दोघायले पायजे,
डेकवर काय वावरातल्या घालून फिरू?

बेरीज मारली. तीनशे वीस उरले,
त्यायच्या म्होरं यायनं काहीच नाही लेयलं.
राहू दे मोकये, म्हने.
कौतिका, पस्तीस वर्सांत म्या तुले
दारव्ह्याच्या बजारापल्याड कुठी नेलं?
तिथी काही आवडलं,
तं माह्या तोंडाकडं न पाहता घेजो.

मी काही बोलली नाही.
कोनाची तरी ज्वारी आली होती, दयाले बसली.

सकाळी वही उघडली,
तं तीनशे विसापाशी
माह्या बोटाचं पीठ.