खुणेचा शब्द

खारा वारा तारा खातो, मग वीज जाते,
आणि परत येते ती एक धक्का देऊनच.
जानेवारीत अशाच एका धक्क्यात
कॉम्प्युटरची डिस्क दोनदा टकटकली.
अडतीस वर्षं मी फेरीबोटीच्या पोटात काढलीत;
कुठला आवाज शेवटाआधीचा असतो, एवढं कळतं.

या खेपेला वाचली.
'या खेपेला' हे शब्द ओस्लाला खपत नसत.

तर बसलो, बोटीच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर
तीन रकाने आखून.

पहिली कंपनी स्वस्त. जागा अमर्याद, म्हणतात.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
तुम्ही जे पुसाल ते तीस दिवस ठेवू,
मग आम्हीही पुसू.
तीस दिवस!
तिचा कोट खुंटीवरून काढायला
मला चौदा महिने लागले.

दुसरी महाग. वर्षभर काही टाकत नाही,
आणि मागितलं तर सगळं एका डिस्कवर भरून
पोस्टाने येल बेटावर घरपोच.
म्हणजे दोन बोटी बदलून;
त्यातल्या एकीचं इंजिन माझ्या हातचं.

तिसरी म्हणजे अळीमिळी गुपचिळी.
किल्ली तुमच्याचकडे, विसरलात तर
आम्हालाही उघडता येणार नाही,
असं त्यांनी अभिमानाने लिहिलंय.

पुतणी मेरन फोनवर म्हणाली,
काका, आधी ठरव, वाचवायचंय काय?

काय वाचवायचं?
मेंढ्यांचे हिशेब.
ओस्लाचे विणीचे नमुने, चौकटीच्या कागदावरून
टाक्याटाक्याने उतरवलेले, चारशे बारा.
आणि 'घर' नावाचं एक फोल्डर,
ज्यात घराचा एकही फोटो नाही.
सगळ्यांत मीच, पाठमोरा,
फाटक लावताना.

पैसे कुठल्या खात्यातून, म्हणून बँकेचा कागद काढला.
दर महिन्याच्या नऊ तारखेला सहा पौंड वजा.
मी समजत होतो, लोकरीच्या मासिकाची वर्गणी.
चष्मा लावून नाव वाचलं.
तिसरी कंपनी.
काखेत कळसा, आणि मी रकाने आखत बसलेला.

सहा वर्षं, रोज रात्री तीन वाजता,
आम्ही घोरत असताना
सगळं इथून तिथे जात होतं.
तिने इथून पुसलेलंही तिथे असेल कदाचित.

पडद्यावर एक चौकोन: खुणेचा शब्द.
त्याखाली: आठवत नाही? तुमची सूचना पाहा.
पाहिली.
'गिबीला माहीत आहे.'

गिबीला माहीत नाही.

बोटीचं नाव टाकलं. कुत्र्याचं.
त्या कुत्र्याच्या आधीच्या कुत्र्याचं.
बर्गनमधल्या ज्या गल्लीत आम्ही भांडलो, तिचं.
तिच्या आईचं माहेरचं आडनाव.
मुलगा झाला तर ठेवायचं ठरलेलं नाव;
त्याच्यापाशी बोटं जरा अडखळली,
तेही टाकलं.

कंपनीतला पोरगा फोनवर फार नम्र.
आम्हाला खरंच काही दिसत नाही, सर.
म्हटलं, ठाऊक आहे बाबा,
तेच तर विकता तुम्ही.

शेवटी दुसरी घेतली.
माझा शब्द कागदावर लिहून
पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला,
मेरनला दोनदा वाचून दाखवला.
पहिली खेप पोचायला एकसष्ट दिवस, पडदा म्हणतो.
आमची लाइनच तशी.
पहिल्या रात्रीत दोन टक्के.

ते सहा पौंड मात्र बंद केले नाहीत.
मेरन म्हणते, वेडेपणा.
असेल.
मेंढ्यांना चारा टाकताना एखादा शब्द सुचतो,
मग हात पँटला पुसून मी आत येतो.

काल 'फाटक लाव' टाकून पाहिलं.
नाही.
खिडकीतून बघतो तर
फाटक सताड उघडं,
आणि तीन मेंढ्या रस्त्यावर.