वाटाण्याच्या अक्षता

पंचनाम्याला आलेला पोरगा उंबऱ्यापाशी थांबला,
मोबाईलवर एकच फोटो काढला, म्हणाला,
"मावशी, पाणी घरात शिरलेलं नाही. परसात शिरलंय.
परसाचं काही मिळत नाही."

परसात, पत्र्याखाली, माझं पिकोचं मशीन होतं.
ह्यांनी मोटार उघडली तर आतून बेडूक निघाला.
डराँव म्हणाला. मोटारीचा तो शेवटचा आवाज.

शुक्रवार पेठेत नदी दरवर्षी येत नाही,
आली की मात्र रिकाम्या हातानं येत नाही.
वीतभर गाळ ठेवून गेली होती,
काळा, मऊ, नव्या लुगड्यासारखा घडी न मोडलेला.
वैजयंता पोवार फावड्यानं त्यांचा गाळ गटारीत ढकलत होत्या.
मी म्हटलं, इकडं टाका.
"खुळी झालीस काय गं?" म्हणाल्या,
आणि टाकला.

दसरा सरला. लक्ष्मीपुरीत मगदुमांच्या दुकानात
मटाराचं बी मागितलं, अर्कल.
"बुटकी जात आहे, वैनी. फार चढायची नाही."
म्हटलं, आमच्यात तरी कोण चढलंय.

रात्री भिजत घातले.
सकाळी बघते तर सुरकुत्या गेलेल्या,
दात नसलेल्या म्हाताऱ्यानं गाल फुगवावेत तसे.
पहिली ओळ घुशीनं नेली.
दुसरी लावली तेव्हा ह्यांनी चौफेर फुटक्या बांगड्या पुरल्या,
कुणी सांगितलं होतं कोण जाणे,
पण घूस आली नाही.

काठ्या नव्हत्या. रिळं होती,
पुरात भिजून एकमेकांचा रंग प्यालेली.
कुणाच्या शालूसाठी आणलेला मोरपंखी,
कुणाच्या डोहाळजेवणाचा हिरवा,
आणि एक जांभळा, ज्याची साडी न्यायला
कुणी आलंच नाही.
भिंतीत खिळे ठोकून तेच ताणले.

पहिल्या तणाव्यानं मोरपंखी दोरा चाचपला,
सोडला,
आणि जांभळ्याला अडीच वेढे घातले.
तीस वर्षं मी दोऱ्याला गाठ मारते आहे.
इतकी बारीक, सुईशिवाय, मला जमलेली नाही.

भिंतीवर पुराची रेघ आहे, माझ्या छातीइतकी उंच.
वेल तिथवर जाईल असं उगाच वाटायचं.
मगदूम खरं बोलले होते.
गुडघ्याच्या वर दोन बोटं गेला, थांबला,
आणि तिथंच फुलला,
झबल्याच्या बाह्यांसारखी पांढरी फुलं.

मग भुरी आली. पानांवर खडू फिरवल्यागत.
घरातलं सगळं आंबट ताक शिंपडून टाकलं.
ह्यांना ताकाशिवाय भात जात नाही.
चार दिवस बोलले काही नाहीत,
ताटलीत चमचा तेवढा वाजवत राहिले.

पौषात शेंगा धरल्या. मोजल्या नाहीत, दृष्ट लागते.
(एकतीस.)

त्याच आठवड्यात तोच पोरगा आला, घरफाळ्याचा कागद घेऊन.
कागदावर आडनाव इंगवले, सही वाकडी.
मी चष्मा लावून वाचलं:
राहती खोली, स्वयंपाकघर, परसातील पत्र्याची शेड.
"हे घर आहे होय?" मी विचारलं.
"म्हणजे, मावशी, फाळ्यापुरतं..."
पुढचं वाक्य त्याला सापडेना.
कान मात्र लाल झाले.

मी एक शेंग तोडली, शिवण उसवावी तशी उघडली,
आणि दाणे त्याच्या तळहातावर ओतले.
"हे काय?"
"अक्षता. वाटाण्याच्या.
तुमच्याकडनं आल्या होत्या पावसाळ्यात. उसनं ठेवत नाही मी."

वाटलं, रागावेल.
त्यानं एक तोंडात टाकला, मग सगळेच.
शाळेतनं येताना खिशातलं खावं तसा, उभ्याउभ्या.
"गोड आहेत," म्हणाला, आणि पावती फाडली,
पत्र्याच्या शेडसकट.

आठ दाणे होते. सात त्यानं खाल्ले.
आठवा त्याच्या बोटांतनं निसटून
बंद मशीनच्या खाली गेला,
जिथं अजून थोडा गाळ आहे.
तिथं मी झाडत नाही.