कळवले

रबाळ्याच्या कंपन्यांचा वास रात्री दोननंतर
आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढतो,
खिडक्या लावल्या तरी.
त्याच वासात मी पहिल्यांदा लिहायला शिकले
'डॉक्टरांना कळवले',
न कळवताच.

कारण इनामदार सर फोनवर ओरडायचे.
कारण तेव्हाच्या इन्चार्ज म्हणायच्या,
तुझं तू बघ, माझं नाव मध्ये नको.
अकरा नंबरचा श्वास मिनिटाला बत्तीस
आणि माझा हात रिसिव्हरवर, नुसता ठेवलेला.
तो माणूस वाचला.
माझ्यामुळे नाही.

मग मढवी सिस्टर आल्या,
दिव्याच्या कोळीवाड्याशेजारच्या,
आवाज जेट्टीवरून हाक मारावी असा.
पहिल्याच नाइटला खुर्ची ओढून शेजारी बसल्या,
सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली,
म्हणाल्या, लाव फोन. मी आहे इथे.

सर ओरडले.
त्यांनी फोन माझ्या हातून घेतला नाही.
नुसती मान हलवत राहिल्या: बोल, आकडे सांग.
मी आकडे सांगितले.
पलीकडे शांतता, मग
'येतो.'

एवढंच.
पण पुढे फिजिओची केतकी
मला विचारून पेशंटला उभं करू लागली.
फार्मसीतला गाडेकर खिडकीतून डोकं काढून म्हणाला,
सिस्टर, हा डोस दोनदा पडलाय, बघता का?
आणि सरांनी एकदा, एकदाच,
खुर्चीवरची फाइल उचलून मला जागा केली.
चहा मात्र मीच मागवला.

मढवी सिस्टर रिटायर झाल्या.
शाल, नारळ,
आणि आडनाव चुकलेलं सर्टिफिकेट.

आता इन्चार्ज मी.
काल अडीच वाजता जव्हारची नवी पोरगी,
प्रमिला वरठा, दारात.
सहा नंबरची पिशवी तीन तास कोरडी आहे, मॅडम.
तेरांपैकी सात जणी हजर, माझे पाय सुजलेले,
ओठांवर आलंच होतं, सकाळी बघू.
आलं होतं काय,
बोललेच मी.

ती काही न म्हणता वळली.
टेबलावर तिची नोंदवही उघडी:
'डॉक्टरांना कळवले',
पुढे वेळेची जागा रिकामी.
अक्षर किती सुबक, माझं होतं तसंच.

मी खुर्ची ओढली.
फरशीवर तिचा पाय करकरला,
अख्खा वॉर्ड कूस बदलला.
नंबर पाठ आहे का गं?
नाही म्हणाली.
लाव. मी सांगते.