वाटी कोणती

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय:
एक वाटी वरण, एक वाटी पालेभाजी,
भाकरी एक. जेवणाआधी काकडी.
वाटी कोणती, हे लिहिलेलं नाही.

माझ्याकडे सात वाट्या, सातही वेगळ्या.
एकीवर चि. सौ. कां. विमलच्या विवाहानिमित्त,
एकीवर दगडूमामांच्या साठीशांतीची तारीख,
एकीवर कुणाचं तरी बारसं
(त्या बाळाला आता टक्कल पडलंय).

बत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये नोटा तपासल्या,
शाई कुठे फुटली, नंबर कुठे सरकला.
नजर केसभर चुकली नाही.
हात मात्र घरी आला की
भावांच्या अकरा माणसांचाच व्हायचा.

उपनगरच्या या खोलीत एकटी राहायला आले
तेव्हाही तो अकराचाच होता.
सोमवारचं वरण मंगळवारी आमटी झालं,
बुधवारी थालीपिठात गेलं,
तरी पातेलं तळ दाखवेना.

म्हणून त्याच बुधवारी गंगेवर बाजाराला गेले.
चाकवताची अर्धी जुडी मागितली
तर भाजीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी अर्धी नोट पुढे केली.
पुढे यमुनाबाई गावित, सुरगाण्याकडची,
नागलीचं पीठ घेऊन बसलेली.
घरी माणसं किती?
मी.
मंग बरंय, म्हणाली, भांडण नाही.
अर्धा किलो तोललं, वर एक मूठ टाकली,
ही कुणी आलं-गेलं तर.

तिथून चढ चढून भांडी बाजार.
दुकानदाराने पाच लिटरचा कुकर पुढे केला.
मी बोट खाली-खाली नेत राहिले,
तीन, दोन, दीड,
शेवटी फळीच्या मागून त्याने काढलं
भातुकलीपेक्षा जरासं मोठं एक पातेलं.
नातवंडाला का?
नाही हो, वापरायला.

दाराशी नाव घालायच्या मशीनवर एक पोरगा,
सुई घरघरत होती.
कुणाकडून, कुणाला?
आजवर किती भांड्यांवर नाव घातलं मी,
दर वेळी 'कडून'च्या बाजूला.
मागे दोन गिऱ्हाइकं चुळबुळत उभी.
नुसतं नाव घाल, म्हटलं. कुमुद पिंगळे.
त्याने घातलं 'कूमुद'.
पहिला ऊ दीर्घ.
मला लगेच दिसलं, दिसणारच.
बत्तीस वर्षांत अशी चूक कधी पुढे जाऊ दिली नव्हती.
पैसे दिले आणि पिशवीत टाकलं.

संध्याकाळी त्यात मूठभर मूग डाळ,
चिरलेला चाकवत, हळद, एक टोमॅटो.
दुसरीकडे चमचाभर तेलात
लसूण चांगला लाल होऊ दिला,
ओतला तेव्हा पातेलं चर्र करून ओरडलं.
वीस मिनिटं. रेडिओवरच्या बातम्याही संपल्या नव्हत्या.

मग भाकरी.
भाकऱ्या थापणारीला शेवटची मिळते,
पंगत उठल्यावर, कडेला वातड झालेली.
ती पाटावर बसते तेव्हा तवा निवलेला असतो,
आणि कुणीतरी हात धुता धुता विचारतं, तुझं झालं का?
मला वाटायचं, नागलीची चवच तशी, मातकट.

आज एकच थापली.
फुगली तशी हात सवयीने लांब झाला,
मान दाराकडे वळली, कोण बसलंय वाढायला.
दारात चपलांचा एकच जोड.
मोडली तर वाफेने बोट भाजलं.
फुंकर मारली नाही, तसाच घास घेतला.

साठाव्या वर्षी कळलं,
नागलीची भाकरी गरम असताना
थोडी गोड लागते.

वाटी घेतलीच नाही.
पातेल्यातच कुस्करून खाल्लं, तळापर्यंत,
दीर्घ ऊ पुसून निघेल इतकं.
काकडी विसरले होते.
ती मग ओट्याशी उभ्यानेच खाल्ली, मीठ न लावता.